नागपूरचा उन्हाळा आणि घरी बांधलेल्या विमानाचे काउलिंग: पुढची तोंडे मोठी करावीत का?

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंगणा रोडवरील एका शेडमध्ये आम्ही काही मित्र मिळून किटवरून दोन आसनी, संपूर्ण धातूचे विमान बांधत आहोत आणि ते आता पूर्णत्वाला आले आहे. इंजिन लायकॉमिंग ओ-३२० प्रकारचे, १६० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे आणि हवेने थंड होणारे आहे. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, किटसोबत आलेले, फायबरग्लासचे, वरचा आणि खालचा अशा दोन भागांचे आहे. विमान अद्याप उडालेले नाही. परवानगीची प्रक्रिया सुरू असून सध्या आम्ही केवळ जमिनीवर इंजिन चालवून पाहत आहोत.

प्रश्न तापमानाचा आहे. एप्रिलच्या दुपारी सावलीत ४२ अंश असताना इंजिन काही मिनिटे मध्यम फेऱ्यांवर चालवले, की तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्याचे तापमान, म्हणजे सीएचटी, २०० अंश सेल्सियसच्या पुढे सरकते. उरलेले तीन सिलिंडर त्याच्या बरेच खाली राहतात. लायकॉमिंगची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० अंश सेल्सियस आहे आणि इंजिन दीर्घकाळ टिकावे यासाठी ते ४३५ फॅरनहाइटच्या, म्हणजे २२४ सेल्सियसच्या खाली ठेवावे असे कंपनी सांगते. मे महिन्यात येथे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा भर दुपारी पूर्ण शक्तीने चढण घेताना काय होईल, ही चिंता आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

स्पिनरच्या, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरील टोपीच्या, दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ३०० चौरस सेंमी आहे. ही तोंडे एक चतुर्थांशाने मोठी करावीत, असा आमच्यापैकी बहुतेकांचा कल आहे. खाली फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधील आगरोधक पत्र्यापाशी, गरम हवा बाहेर पडण्याची जी वाट आहे तिचे क्षेत्रफळ ३९० चौरस सेंमी भरते. पुढची तोंडे कापून नवा ओठ घडवणे, त्यासाठी योग्य कापड व रेझिन निवडणे आणि मूळ आकाराची मजबुती टिकवणे याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सोनेगाव_विंडसॉक

भाऊ, विमान देखभालीच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो: करवत आधी खाली ठेवा. आपण दिलेल्या माहितीत काउलिंग बदलण्यासाठी पुरेसे कारण मला अजून दिसलेले नाही.

जमिनीवर स्थिर उभ्या विमानात काउलिंगमध्ये शिरणारी हवा ही केवळ पंख्याची (प्रोपेलरची), त्यातही पंख्याच्या मुळाशी असलेल्या जाड आणि जवळजवळ निरुपयोगी भागाची हवा असते. त्या भागात पाते हवा मागे ढकलण्यापेक्षा घुसळण्याचेच काम अधिक करते. त्यामुळे जमिनीवरचा आकडा उड्डाणातील थंड होण्याविषयी फारसे काही सांगत नाही. चार सिलिंडरांमधील फरक मात्र काहीतरी नक्की सांगतो. तिसरा एकटाच तापत असेल, तर पुढच्या तोंडांचा त्यात दोष असण्याची शक्यता फार कमी आहे, कारण मागचे दोन्ही सिलिंडर, तिसरा आणि चौथा, त्याच तोंडांतून आलेल्या हवेवर चालतात आणि चौथा तक्रार करीत नाही.

या इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरची मागची बाजू आणि दुसऱ्याची पुढची बाजू नीट निरखून पाहा. तेथे फिन्स (उष्णता बाहेर टाकणारे पातळ कंगोरे) इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ उथळ ओतलेल्या असतात. मागचा बॅफलचा, म्हणजे हवेला सिलिंडरांमधून वळवणारा, पत्रा तिसऱ्या सिलिंडरला टेकून बसला, की हवेला खाली उतरायला वाटच उरत नाही. अशा किट विमानांत हा ठाऊक असलेला दोष आहे. उपायही सोपा आहे: पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक जाड वॉशर घालून फट निर्माण करावी किंवा पत्र्याला मागून छोटी फुगीर वाट जोडून त्या उथळ फिन्सपर्यंत हवा पोहोचवावी. हे आधी करा आणि पुन्हा आकडे घ्या.

आणखी तीन गोष्टी तपासल्यावाचून काउलिंगला दोष देऊ नका. मॅग्नेटोचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आपल्या इंजिनाच्या डेटा प्लेटवर लिहिल्याप्रमाणे आहे का? पूर्ण थ्रॉटलला कार्ब्युरेटर पुरेसे इंधन सोडतो का? मिश्रण जरा जरी पातळ राहिले, म्हणजे त्यात इंधन कमी पडले, तरी डोके तापते. तिसरी गोष्ट सेन्सरची. स्पार्क प्लगखाली बसणारा वॉशरसारखा सेन्सर आणि सिलिंडरच्या छिद्रात बसणारा बेयोनेट सेन्सर यांचे आकडे एकसारखे येत नाहीत. आपल्याकडे दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, तर तिसऱ्याचा तो फरक कदाचित यंत्रातला नसून मापनातला असेल.

इंजिन नवे असल्यास जमिनीवर फार वेळ चालवू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरमध्ये बसायच्या असतात आणि त्या बसतात ६५ ते ७५ टक्के शक्तीवर, उड्डाणात. जमिनीवर मंद फेऱ्यांत तापत ठेवलेल्या नव्या सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि पुढे तेल खात राहतात. रिंगा बसल्यानंतर सीएचटी आपोआप काही अंशांनी उतरते, हेही लक्षात असू द्या.

द्रवगतिकी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरी धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला हिशेबाने उत्तर देता येईल असे वाटते. मी यांत्रिकी शाखेचा विद्यार्थी आहे. प्रत्यक्ष विमानावर काम केलेले नाही, म्हणून चूक दिसल्यास ज्येष्ठांनी दुरुस्त करावी.

हवा सिलिंडरांमधून वाहते ती वरच्या आणि खालच्या भागांतील दाबाच्या फरकामुळे. वरचा दाब पुढून येणाऱ्या हवेच्या गतीतून मिळतो. १०० नॉट्स दर्शक वेगाला हा गतिज दाब सुमारे १६५ मिमी पाण्याइतका असतो, ८० नॉट्सला १०६ मिमी आणि ७० नॉट्सला जेमतेम ८१ मिमी. काउलिंग कितीही उत्तम असले तरी, पंख्याचा थोडा हातभार सोडल्यास, यापेक्षा अधिक दाब पुढून मिळणे शक्य नाही. म्हणजे ७० ऐवजी १०० नॉट्सने चढण घेतली तर उपलब्ध दाब दुप्पट होतो, आणि त्यासाठी फायबरचा एक तुकडाही कापावा लागत नाही.

आता क्षेत्रफळाकडे वळू. पूर्ण शक्तीला शाफ्टवर मिळते त्याच्या साधारण निम्मी उष्णता थंड करणाऱ्या हवेत जाते असे धरून चाललो, तर सुमारे ६० किलोवॅट होतात. हवा ६० अंशांनी तापते असे मानल्यास सेकंदाला जवळपास एक किलो हवा हवी. नागपूरच्या ४५ अंशांच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०७ किलो भरते, समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा १२ ते १३ टक्क्यांनी कमी. ३०० चौरस सेंमीच्या तोंडातून ही हवा आत यायची तर तिचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास, म्हणजे साठेक नॉट्स होतो. समतल उड्डाणात विमान याच्या दुपटीने चालेल, त्यामुळे तोंड पुरेसे आहे आणि उरलेली हवा काउलिंगच्या बाहेरून निघून जाईल. चढणीत मात्र विमानाचा वेग आणि तोंडातील हवेचा वेग यांत फार अंतर राहत नाही. तेथे आत आलेल्या हवेचा वेग हळूहळू कमी करून त्याचे दाबात रूपांतर करणारा आतला उतार, म्हणजे डिफ्यूझर, कसा आहे यावर बरेच अवलंबून राहील. भिंती एकदम उघडल्या तर प्रवाह सुटतो आणि दाब वाया जातो. प्रत्येक भिंतीचा कोन सात अंशांच्या आसपास राहिला तर प्रवाह भिंतीला धरून राहतो.

माझा मुख्य आक्षेप बाहेर पडण्याच्या वाटेबाबत आहे. तुमचे ३९० चौरस सेंमी हे एक्झॉस्टच्या नळ्या आणि पुढच्या चाकाचा पाय वजा करून आहेत का?

हिंगणा_रोड

दोघांचेही मनापासून आभार. सेन्सर चारही बेयोनेट प्रकारचेच आहेत, ही शंका मिटली. टायमिंग उद्या तपासतो.

क्षेत्रफळ मोजताना आम्ही नळ्या वजा केल्या नव्हत्या. आज मोजले: दोन एक्झॉस्ट नळ्या मिळून ४० चौरस सेंमी आणि चाकाचा पाय ३५. प्रत्यक्षात ३१५ चौरस सेंमीच उरतात.

द्रवगतिकी

मग चित्र स्पष्ट होते. ४५ अंशांची हवा १०५ अंशांपर्यंत तापली की तिचे आकारमान सुमारे एक पंचमांशाने वाढते. आत येण्याची वाट ३००, बाहेर जाण्याची ३१५, आणि बाहेर जाणारी हवा मात्र सव्वापटीच्या जवळ. पुढचे तोंड ३७५ केले तरी हवा त्याच ३१५ मधून निघायची आहे.

नागपुरात हे समजावण्यासाठी सूत्राची गरज नाही. खिडकीत कूलर लावून खोलीची दारे-खिडक्या गच्च बंद केल्या, तर कूलर कितीही मोठा असला तरी हवा येत नाही. समोरची खिडकी फटभर उघडली की लगेच झोत सुरू होतो.

साचा_आणि_कापड

मी एमआयडीसीत फायबरग्लासचे काम करतो. विमानांचे नाही, बसचे बंपर, टाक्या आणि यंत्रांची आवरणे यांचे. तरी साहित्याविषयी एक गोष्ट येथे कोणी मांडलेली नाही आणि ती नागपूरकरांसाठी फार महत्त्वाची आहे.

खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी आपल्याला दगडासारखे वाटते, पण त्याला एक ठरावीक तापमान असते ज्याच्यापुढे ते मऊ पडू लागते. नुसते हवेवर वाळवलेल्या सर्वसाधारण इपॉक्सीत हे तापमान पुष्कळदा ६० अंशांच्या आसपासच असते. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पृष्ठभागाला हात लावून पाहा, तो तेवढा तापलेला असतो. आणि काउलिंगला तर आतूनही उष्णता आहे. इंजिन बंद केल्यावर पंख्याची हवा थांबते, सिलिंडरांची आणि एक्झॉस्टची उष्णता वर चढते आणि काउलिंगचा वरचा भाग सर्वाधिक तापतो तो त्यावेळी. जोडलेला नवा ओठ अशा वेळी स्वतःच्या वजनाने वाकलेला मी इतर कामांत पाहिला आहे.

म्हणून जोडकाम केले तर त्याला नंतर भट्टीत किंवा बंदिस्त पेटीत हळूहळू तापवून पक्के करणे आवश्यक आहे. रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेले वेळापत्रक तंतोतंत पाळावे, आणि तापवताना भाग साच्यात किंवा आधारावर बांधून ठेवावा, नाहीतर त्याच तापमानाला तो आकार सोडेल. हार्डनरचे प्रमाण वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने टाकू नका. आणि कृपया पॉलिएस्टर रेझिनने इपॉक्सीच्या काउलिंगवर ठिगळ लावू नका. ते चिकटलेले दिसते, पण कंप सुरू झाला की सुटते. उलट, पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालते, जुना थर खरवडून घेतला तर.

जोडताना कडा तिरक्या घासून घ्याव्यात: प्रत्येक थरामागे निदान १२-१५ मिमी उतार धरा. कापडाचे थर लहानापासून मोठ्यापर्यंत चढवत जा. जेथे थर द्यायचे तेथील जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) आणि रंग पूर्ण काढल्याशिवाय थर देऊ नका. तेलाचा अंश राहिला असेल तर घासण्यापूर्वी पुसा, घासल्यानंतर पुसल्यास तेल कापडात रुतते.

रंग पांढराच ठेवा. याबाबतीत मी कोणाचे ऐकणार नाही.

कामठीकर

वाचून आनंद झाला. काउलिंगचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून थोडे विषयाला धरूनच लिहितो. १९२० च्या दशकात हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची सिलिंडरे उघडी ठेवीत, कारण झाकली तर तापतील अशी भीती होती. अमेरिकेच्या नाका या विमानविद्या संशोधन संस्थेच्या लँगली प्रयोगशाळेत फ्रेड वीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास संपूर्ण झाकणारे काउलिंग तपासले आणि कर्टिस एटी-५ए विमानावर बसवले, तेव्हा त्याचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. इंजिन तेच होते. १९२९ सालासाठीचे विमानविद्येतील कॉलियर पारितोषिक या कामाला मिळाले. त्यांनी केले ते एवढेच की हवा जेथे हवी तेथूनच, फिन्समधूनच जाईल आणि इतरत्र गळणार नाही, अशी व्यवस्था केली.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की तोंड मोठे करण्याआधी गळती शोधा. काउलिंगच्या आत एक प्रखर दिवा ठेवून रात्री शेडमधले सर्व दिवे मालवा आणि पुढच्या तोंडातून आत पाहा. बॅफल आणि काउलिंग यांमधील जेथून प्रकाश झिरपतो तेथून हवाही जाते.

सोनेगाव_विंडसॉक

कामठीकरांनी सांगितलेली दिव्याची युक्ती आम्हीही वापरत असू. तीत एक भर घालतो. बॅफलवरच्या सिलिकॉन रबरच्या पट्ट्या पुढच्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या असाव्यात, म्हणजे हवेचा दाब त्यांना काउलिंगवर दाबून धरतो. त्या मागे वळलेल्या राहिल्या तर दाब वाढताच पट्टी मागे लोटली जाते आणि फट उघडते. जमिनीवर मात्र सगळे घट्ट दिसते. स्पिनरच्या मागच्या भागात, क्रँककेसच्या पुढे, जी मोकळी जागा राहते ती बहुतेक जण विसरतात. दोन्ही सिलिंडरांच्या मध्ये खालच्या बाजूला बसणारे पत्रे सैल असतील तर तेही घट्ट करा. बारीक फटींसाठी उच्च तापमानाचे लाल सिलिकॉन चालते.

इंजिन रबराच्या माउंटवर बसलेले असते आणि सुरू-बंद होताना जोरात डोलते, हेही ध्यानात ठेवा. कठीण भाग आणि काउलिंग यांमध्ये बोटभर अंतर हवेच. रबर जसजसे जुने होते तसतसे इंजिन खाली बसते, तेव्हा स्पिनर आणि काउलिंग यांची कडा आज एका पातळीत बसवताना स्पिनर किंचित वर राहू द्यावा.

पुणे_ग्लायडर

येथे प्लीनमची चर्चा व्हायला हवी असे मला वाटते. रबराच्या पट्ट्यांऐवजी सिलिंडरांवर फायबरचे बंद झाकण बसवायचे आणि पुढच्या तोंडाला ते थेट जोडायचे, म्हणजे काउलिंगच्या वरच्या भागाचा हवेच्या मार्गाशी संबंधच राहत नाही. गळतीचा प्रश्न मुळातून सुटतो, काउलिंग वर उचलले जाण्याचा दाबही नाहीसा होतो. परदेशात घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये गोल तोंडे आणि प्लीनम ही जोडी लोकप्रिय आहे.

सोनेगाव_विंडसॉक

प्लीनम उत्तम असते, पण ते बसवल्यावर वरचे स्पार्क प्लग, वायरी आणि बॅफल तपासणे अवघड होते. जे पाहणे अवघड असते ते पाहिले जात नाही, हे मी हँगरमध्ये वारंवार अनुभवले आहे. पहिल्या शंभर तासांत ज्या विमानाचे काउलिंग दर काही उड्डाणांनंतर काढून आत पाहायचे आहे, त्याच्यासाठी मी पट्ट्याच निवडीन. आपल्याला गळती शून्य करायची नाही, पुरेशी कमी करायची आहे.

पुणे_ग्लायडर

तपासणीचा मुद्दा मान्य. तरीही वेगाच्या दृष्टीने माझे मत कायम आहे. या विमानाची निकड वेगाची नसून चढणीतील तापमानाची आहे, म्हणून पुढे वाद वाढवत नाही.

हिंगणा_रोड

काल रात्री दिवा लावून पाहिले. तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यात पट्टी मागे वळलेली होती, डाव्या बाजूला काउलिंगच्या वळणापाशी दुमडी पडून त्रिकोणी फट राहिली होती आणि स्पिनरमागची जागा सरळसरळ उघडी होती. तिसऱ्याच्या मागे पत्रा खरोखरच उथळ फिन्सना टेकलेला आहे. ही सर्व दुरुस्ती हाती घेतली आहे.

एक शंका. उड्डाणापूर्वी काही मोजता येत नाही, तर मग उड्डाणात नेमके काय आणि कसे मोजावे? केवळ सीएचटी पाहून बाहेरची वाट अपुरी आहे की आतली, हे कळेल का?

द्रवगतिकी

केवळ सीएचटीवरून कळणार नाही. दाब तीन ठिकाणी मोजावा लागेल: सिलिंडरांच्या वर, सिलिंडरांच्या खाली आणि बाहेरचा स्थिर दाब. वरचा दाब गतिज दाबाच्या बराच जवळ असेल तर पुढचे तोंड निर्दोष आहे. खालचा दाब स्थिर दाबापेक्षा पुष्कळ जास्त असेल तर बाहेरची वाट कोंडली आहे. वरचाच कमी निघाला तर डिफ्यूझर आणि गळती यांकडे पाहावे. या तीन आकड्यांनी कोणता भाग बदलायचा ते ठरेल आणि बाकीच्यांना हात लावावा लागणार नाही.

यंत्रही महागडे लागत नाही. जुना एअरस्पीड इंडिकेटर हे दाबाचा फरक मोजणारेच यंत्र आहे. त्याची पिटोट (समोरच्या हवेचा दाब घेणारी) नळी वरच्या भागाला आणि स्टॅटिक (स्थिर दाबाची) नळी खालच्या भागाला जोडली, की काटा जो वेग दाखवेल त्याचे वर दिल्याप्रमाणे दाबात रूपांतर करता येते. नळीचे टोक हवेच्या झोतासमोर उघडे ठेवू नका, टोक बंद करून बाजूला बारीक छिद्रे पाडा, म्हणजे झोताचा परिणाम न होता त्या भागातला दाब मिळेल.

सोनेगाव_विंडसॉक

हे अगदी योग्य. फक्त ही जोडणी विमानाच्या स्वतःच्या पिटोट-स्टॅटिक यंत्रणेपासून पूर्णपणे वेगळी असावी. पहिल्या उड्डाणात वैमानिकाचा वेगदर्शक कोणत्याही प्रयोगात गुंतलेला नको. नळ्या फायरवॉलमधून नेताना छिद्र आगरोधक पद्धतीने बंद करा. फायरवॉल ज्या कारणासाठी आहे ते कारण एका प्लास्टिकच्या नळीने नाहीसे होऊ नये. आणि आकडे वाचण्याचे काम वैमानिकाचे नाही; कॅमेरा लावा.

हवामानाविषयीही लिहितो. अमेरिकेतील प्रमाणित छोट्या विमानांच्या जुन्या नियमावलीत थंड होण्याच्या चाचणीसाठी उष्ण दिवस म्हणून समुद्रसपाटीला १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस धरत आणि उंचीनुसार तो आकडा खाली आणत. चाचणी थंड दिवशी झाली तर हवेच्या तापमानात जितके अंश कमी, तितकेच अंश सिलिंडरच्या डोक्याच्या आकड्यात मिळवावे लागत. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, उंची १,०३३ फूट आहे, तेथे तो उष्ण दिवस ३६ अंशांचा होतो. म्हणजे आपल्या मे महिन्याची दुपार त्या नियमाच्या उष्ण दिवसापेक्षाही नऊ-दहा अंशांनी गरम. अशा दुपारी घनता उंची, म्हणजे प्रमाणित हवामानात हवा इतकी विरळ जेथे असते ती उंची, पाच हजार फुटांच्या घरात जाते. ज्यांनी हे किट आखले ते या हवेत राहत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडच्या विमानांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. दोन्ही ठिकाणच्या तापमानांतील फरक सीएचटीत मिळवून पाहा.

यावर काउलिंग हा एकच उपाय नाही. पहिली उड्डाणे पहाटे करा. चढणीत वेग वाढवून नाक खाली ठेवा. मर्यादा जवळ आली तर समतल व्हा, मिश्रण समृद्धच, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवा.

साचा_आणि_कापड

बाहेरची वाट वाढवायची ठरली तर खालच्या काउलिंगच्या मागच्या कडेला बाहेर वाकलेली पट्टी जोडणे सोपे जाईल का? बसच्या कामात आम्ही असे करतो. हवा त्या पट्टीवरून जाताना मागे कमी दाबाची जागा तयार होते.

द्रवगतिकी

जाईल, आणि परिणामही होतो. पण ती पट्टी समतल उड्डाणातही अडथळा म्हणून राहते. त्याआधी एक कमी खर्चाचा बदल सुचवतो. फायरवॉलचा पत्रा खाली जेथे संपतो आणि विमानाचे पोट सुरू होते तेथे बहुतेक किटांत काटकोन असतो. गरम हवा खाली येऊन त्या धारेवरून एकदम मागे वळू शकत नाही, प्रवाह सुटतो आणि आहे ती वाटही अर्धवट वापरली जाते. तेथे मोठ्या त्रिज्येचा गोल वळवलेला पत्रा बसवला तर काउलिंगला हात न लावता हवा सुरळीत निघते. हे झाल्यावरही खालचा दाब जास्त राहिला, तरच उघडझाप करता येणाऱ्या झडपेचा, म्हणजे काउल फ्लॅपचा विचार करावा. चढणीत उघडी, समतल उड्डाणात बंद. ती जड असते आणि तिची दोरी वा तार आणखी एक देखभालीची वस्तू होते, हे खरे.

साचा_आणि_कापड

गोल पत्रा स्टेनलेसचाच असावा, कारण एक्झॉस्टचे तोंड तेथेच आहे. काउलिंगच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जवळ, सिरॅमिक कापड आणि त्यावर ॲल्युमिनियमचे परावर्तक आवरण लावावे. नळी आणि फायबर यांत अंतर इंचभरापेक्षा कमी असेल तर मी ते काम स्वीकारणार नाही.

नवा_सदस्य_वर्धा

क्षमस्व, मी नवीन आहे. आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानात असे बदल स्वतःच्या मर्जीने करता येतात का?

सोनेगाव_विंडसॉक

प्रश्न योग्य जागी विचारलात. घरी विमान बांधणे आपल्याकडे शक्य आहे, हे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाने दाखवले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली. पण त्यांना किती वर्षे कागदपत्रांसाठी झगडावे लागले, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. परवानगी विमानाच्या ठरावीक रचनेला दिली जाते. बदल करण्यापूर्वी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, रेखाचित्र जोडावे आणि काम झाल्यावर वजन व गुरुत्वमध्य पुन्हा काढावा. काउलिंग अगदी पुढे असल्याने तेथे वाढलेल्या अर्ध्या किलोचाही हिशेबात परिणाम दिसतो. अमेरिकेत, जेथे बांधणाऱ्याला बरेच स्वातंत्र्य आहे, तेथेही मोठा बदल केल्यावर कळवून किमान पाच तासांचे चाचणी उड्डाण पुन्हा करावे लागते. ही अट जाचक वाटली तरी मला ती शहाणपणाची वाटते.

हिंगणा रोडवाल्यांचे विमान अजून चाचणीलाच गेलेले नाही. म्हणून जो बदल करायचा तो आत्ताच, मूळ कागदपत्रांत दाखवून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कामठीकर

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. उन्हाळ्यात उतरल्यावर इंजिन बंद करून वीस-पंचवीस मिनिटांत पुन्हा सुरू करायचे असेल, तर काउलिंगमध्ये कोंडलेल्या उष्णतेने इंधनाच्या नळीत वाफ धरते. तेल तपासण्याचे वरचे झाकण लगेच उघडून ठेवा, विमानाचे नाक वाऱ्याकडे करा. इंधनाच्या नळ्यांवर आगरोधक आवरण चढवा आणि पंपावर हवेची एक छोटी नळी सोडा.

हिंगणा_रोड

सर्वांच्या चर्चेनंतर आमचा निर्णय असा झाला आहे. पुढची तोंडे कापायची नाहीत. तिसऱ्या सिलिंडरमागे वॉशर घालून फट दिली, पट्ट्या नव्याने कापून आतल्या बाजूला वळवल्या, स्पिनरमागची जागा बंद केली. टायमिंग योग्य निघाले. काल सकाळी सारख्याच फेऱ्यांवर, तेवढाच वेळ इंजिन चालवले तेव्हा तिसरा सिलिंडर चौथ्याच्या अगदी जवळ आला. बाहेर तापमान एप्रिलच्या त्या दुपारपेक्षा कमी होते, म्हणून मी केवळ दोघांमधील फरकच ग्राह्य धरतो आहे, एकूण आकडा नाही.

फायरवॉलच्या खालच्या कडेचा गोल पत्रा स्टेनलेसमध्ये वळवून घेत आहोत आणि त्याचे रेखाचित्र अर्जासोबत जोडणार आहोत. दाब मोजण्याच्या नळ्या पहिल्या उड्डाणाआधीच बसतील, स्वतंत्र एअरस्पीड इंडिकेटर आणि कॅमेऱ्यासह. काउलिंग पांढरेच राहील.

एक शेवटचे विचारतो. खालच्या भागातील नळीचे टोक नेमके कोठे ठेवावे? एक्झॉस्टच्या जवळ प्रवाह फार अस्वस्थ असेल असे वाटते.

द्रवगतिकी

एक्झॉस्टपासून आणि बाहेरच्या वाटेपासून दूर, फायरवॉलच्या वरच्या अर्ध्या भागात, बॅफलच्या मागे ठेवा. तेथे हवा जवळजवळ स्थिर असते. शक्य असल्यास डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन टोके घेऊन ती टी-जोडाने एकत्र करा. दोन्ही बाजूंची सरासरी मिळेल. नळी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची घ्या, प्लास्टिकची नळी फायरवॉलच्या मागे केबिनच्या बाजूलाच सुरू होऊ द्या.